नाव घेऊ नका : संडरलँडची पटकी, १८३१

पटकी, वाखा, जरीमरी, महामारी, मोडशी. जुलाब-उलट्यांच्या दुखण्याला मराठीत नावांचा तुटवडा नाही. आमच्या बेळगावकडे पोट बिघडलं की घरातली म्हातारी माणसं अजून ‘मोडशी झाली’ म्हणतात आणि ओवा चावायला देतात. पण भांडणात कुणी ‘तुला पटकी येवो’ म्हटलं, तर ते भांडण मिटायला चार माणसं मध्ये पडावी लागतात. मोडशी बरी होते, पटकी घेऊन जाते. या दोन शब्दांमधलं अंतर आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.

१८३१ च्या शेवटी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या संडरलँड नावाच्या बंदरात अशाच अंतरावरून मोठं भांडण झालं. माणसं मरत होती, हे सगळ्यांना दिसत होतं. वाद होता तो त्या मरणाला काय म्हणायचं याचा. ‘साधा कॉलरा’ म्हटलं तर गाव चालू राहणार होतं. ‘एशियाटिक कॉलरा’ म्हटलं तर बंदर अडकणार होतं. मी साहित्याची विद्यार्थिनी, मेडिकलची नाही. शब्दाला अर्थ कोण देतं, असा प्रश्न आम्हाला पेपरात दहा मार्कांना येतो. संडरलँडमध्ये तोच प्रश्न दोनशेहून जास्त माणसांच्या जिवावर बेतला. म्हणून या अंकासाठी मी ही हकीकत निवडली.

एका शब्दाची दोन दुखणी

‘कॉलरा’ हा शब्द मूळचा ग्रीक, पित्ताशी नातं सांगणारा. इंग्लंडमधले डॉक्टर तो फार पूर्वीपासून वापरत होते. उन्हाळा संपता संपता लोकांची पोटं बिघडायची, जुलाब-उलट्या व्हायच्या, त्याला ते ‘कॉलरा मॉर्बस’ किंवा सरळ ‘इंग्लिश कॉलरा’ म्हणत. लहान मुलं आणि म्हातारी माणसं त्यात कधीकधी दगावत, पण बहुतेक जण चार-आठ दिवसांत उठून कामाला लागत. थोडक्यात, ही त्यांची मोडशी.

दुसरा कॉलरा निघाला तो आपल्या बाजूने. १८१७ साली बंगालमधल्या जेसोर भागात त्याचा मोठा उद्रेक झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांना दाबात ठेवायला बुंदेलखंडात मोठी फौज घेऊन उतरला होता. त्याच्या छावणीत पटकी शिरली आणि काही दिवसांत हजारो शिपाई आणि बाजारबुणगे मेले. १८१८ मध्ये ती मुंबईला पोचली. मग जहाजं, काफिले आणि फौजा यांच्या सोबतीने ती पसरत गेली, मध्ये काही वर्षं थंडावली आणि पुन्हा निघाली. १८३० मध्ये ती मॉस्कोत होती. १८३१ मध्ये बाल्टिक समुद्रावरच्या रिगा बंदरात आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हॅम्बुर्गमध्ये. तिच्या नावात युरोपने ‘एशियाटिक’ हे विशेषण घातलं ते ही वाट बघून.

इथे भाषेतली एक गंमत सांगते. अशा दुखण्याचं आपलं नाव युरोपला त्याआधी अडीचशे वर्षांपासून माहीत होतं. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्टा याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. जुलाब-उलट्या होऊन बघता बघता माणूस जातो अशा दुखण्याचं वर्णन त्यात आहे आणि इथले लोक त्याला काय म्हणतात तेही नोंदवलेलं आहे. ते नाव म्हणजे आपली मोडशी. पोर्तुगिजांच्या तोंडी तिचं ‘मोर्देशी’ झालं. फ्रेंचांनी ते ऐकून ‘मोर द शियाँ’ केलं, ज्याचा त्यांच्या भाषेत अर्थ होतो कुत्र्याचं मरण. म्हणजे आज ओव्याने बरी होणारी मोडशी त्या काळी माणसं मारत होती. शब्द वापरून वापरून मवाळ होतात. इंग्लंडमध्ये १८३१ साली घोळ झाला तो उलट्या बाजूने. तिथे मवाळ शब्द आधीपासून होता आणि मारणारं दुखणं त्याच्या पांघरुणाखाली घुसलं.

वेअर नदीच्या तोंडावर

वेअर नदी जिथे उत्तर समुद्राला मिळते तिथे संडरलँड आहे. नावाचा अर्थच ‘वेगळी काढलेली जमीन’ असा. आजूबाजूच्या डरहॅम परगण्यात कोळशाच्या खाणी. खाणीतला कोळसा नदीकाठी यायचा, तिथून ‘कील’ नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून मोठ्या जहाजांपर्यंत जायचा आणि जहाजांतून लंडनच्या शेगड्यांपर्यंत. जहाजं बांधायचा धंदाही मोठा होता. १७९६ पासून नदीवर लोखंडी पूल होता आणि गावाला त्याचा भारी अभिमान होता. आजूबाजूच्या वस्त्या धरून सुमारे ४०,००० माणसं तिथे राहत होती.

पैसेवाली मंडळी नदीपासून जरा लांब, उंचावर राहत. जुनं संडरलँड मात्र धक्क्याला चिकटून होतं. दोन माणसं शेजारून जाताना खांदे घासतील अशा गल्ल्या, एकेका खोलीत एकेक कुटुंब, संडास थोडे, उकिरडे दारात. कील चालवणारे, हमाल, खलाशी, त्यांच्या बायका-पोरं असे सगळे हातावर पोट असलेले लोक इथे राहत.

लंडनमधलं सरकार गाफील होतं असं नाही. जून १८३१ मध्ये त्यांनी एक मध्यवर्ती आरोग्य मंडळ नेमलं होतं. बाल्टिककडून येणाऱ्या जहाजांना बंदराबाहेर क्वारंटाइनमध्ये थांबवायचा हुकूम होता. पण क्वारंटाइन ही कागदावर सोपी आणि बंदरावर अवघड गोष्ट आहे. खलाशाचं घर समोर दिसतं, मधे फक्त पाणी असतं, आणि होडीवाला ओळखीचा असतो.

एक मुलगी, एक कीलवाला

१६ ऑक्टोबर १८३१, रविवार. धक्क्याजवळ राहणारी इझाबेला हॅझर्ड नावाची बारा वर्षांची मुलगी त्या दिवशी दोनदा चर्चला जाऊन आली. मध्यरात्री तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सोमवारी ती गेली. तिचं अंग निळं पडलं होतं. त्या वेळी तिच्या मरणाला कुणी एशियाटिक कॉलरा म्हटलं नाही.

तिच्या घरापासून जवळच, फिश की या धक्क्यावर, विल्यम स्प्रोट नावाचा साठीचा कीलवाला राहत होता. त्याचं पोट आठवडाभर बिघडलेलं होतं. मग बरं वाटायला लागलं. रविवारी, २३ तारखेला, मटणाचा तुकडा खाऊन तो आपल्या होडीकडे गेला आणि थोड्याच वेळात हुडहुडी भरून, पोटऱ्यांत गोळे येत घरी परतला. डॉक्टर रीड क्लॅनी यांनी त्याला बघितलं. खाणीत वापरायच्या सुरक्षा दिव्याचे एक जनक म्हणून हे क्लॅनी प्रसिद्ध होते. गावातल्या सैनिकी छावणीचा सर्जन जेम्स केल यानेही त्याला बघितलं. केलने हे दुखणं आधी मॉरिशसमध्ये पाहिलेलं होतं. खोल गेलेले डोळे, बसलेला आवाज, सुरकुतलेली थंड बोटं, निळसर कातडी. केलला ओळख पटली. त्याने आपल्या सैनिकांना छावणीतच अडकवून ठेवलं.

२६ ऑक्टोबरला स्प्रोट मेला. इंग्लंडमधला एशियाटिक कॉलऱ्याचा पहिला अधिकृत बळी म्हणून इतिहासात त्याचंच नाव आहे. त्याचा मुलगा आणि नातही आजारी पडली. मुलगा वाचला नाही. नोव्हेंबर उजाडता उजाडता गावातल्या डॉक्टरांनी सरकारला कळवलं, की तुम्ही ज्याची वाट बघत होतात ते इथे आलं आहे.

दोन दिवसांत दोन सभा

पुढे जे झालं ते मला या सगळ्या हकीकतीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

सरकारने पाहणीला माणसं पाठवली आणि संडरलँडहून निघणाऱ्या जहाजांवर क्वारंटाइनची बंधनं आली. हिवाळा तोंडावर होता. लंडनला कोळसा हवा होता आणि संडरलँडला लंडनचा पैसा. ११ नोव्हेंबरला गावातले जहाजमालक आणि व्यापारी जमले आणि त्यांनी ठराव केला, की गावात एशियाटिक कॉलरा आहे ही बातमी धडधडीत आणि दुष्ट खोटी आहे, गावाची तब्येत नेहमीपेक्षा चांगली आहे, जे काही आहे ते दरवर्षीचंच पोटाचं दुखणं आहे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची बैठक झाली. ज्या डॉक्टरांनी दहा-बारा दिवसांपूर्वी सरकारला एक सांगितलं होतं, त्यांच्यातल्याच अनेकांनी आता वेगळं सांगणाऱ्या मजकुराखाली सह्या केल्या. परगण्यातले मोठे खाणमालक लॉर्ड लंडनडेरी यांनी लंडनच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून सांगितलं, की उगाच घबराट पसरवली जात आहे.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपण म्हणतो. या वेळी कोंबडं झाकायला सगळं गाव जमलं होतं.

या सभेवर हसणं सोपं आहे. पण त्यांची बाजूही ऐकून घेऊ. एक तर त्या काळी डॉक्टरांमध्येच एकमत नव्हतं. एक पक्ष म्हणे हा रोग माणसाकडून माणसाला लागतो. दुसरा म्हणे घाण हवेतून तो जागच्या जागी तयार होतो, मग जहाजं अडवून फायदा काय? जंतूंची कल्पना अजून रुजायची होती. दोन्ही बाजूंना हुशार आणि प्रामाणिक माणसं होती.

दुसरं कारण पोटाचं. जहाज थांबलं की जहाजमालकाचा नफा थांबतो, पण कीलवाल्याची चूल थांबते. बंदर बंद झालं तर मजुरांना कोण खायला घालणार, याचं उत्तर लंडनमधल्या मंडळाकडे नव्हतं. म्हणून या नाकारण्यात मालक आणि मजूर एका बाजूला आले. रोगाने मेलो तर मेलो, उपाशी मरणार हे तर नक्की, असा तो हिशोब होता.

तिसरं कारण भीतीचं. गरिबांना दवाखान्यात जायचं नव्हतं. १८२८ मध्ये एडिंबरामध्ये बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा माणसं मारून त्यांची प्रेतं शरीरशास्त्राच्या वर्गाला विकली होती आणि ती गोष्ट घरोघरी माहीत होती. कॉलऱ्याचा पेशंट म्हणून नाव लागलं, की आपण डॉक्टरांच्या टेबलावर जाणार असं लोकांना वाटायचं. आजार लपवायला हे पुरेसं होतं.

आणि डॉक्टरांनी तरी शब्द का फिरवावा? विचार करा, गावातल्या डॉक्टरची फी कोण भरतं? सभेत बसलेलीच माणसं.

जॅक क्रॉफर्ड

व्यापाऱ्यांच्या सभेच्या आदल्या दिवशी, म्हणजे १० नोव्हेंबरला, गावातला सर्वांत प्रसिद्ध माणूस याच दुखण्याने मेला होता. त्याचं नाव जॅक क्रॉफर्ड. १७९७ साली कॅम्परडाउनच्या समुद्रयुद्धात ॲडमिरल डंकनच्या जहाजाची डोलकाठी तुटली आणि झेंडा खाली आला. झेंडा उतरणं म्हणजे शरणागती. तेव्हा हा संडरलँडचा खलाशी गोळ्यांच्या वर्षावात वर चढला आणि त्याने झेंडा डोलकाठीला खिळ्यांनी ठोकला. राजाने पेन्शन दिलं, गावाने चांदीचं पदक दिलं. पुढे दारू आणि गरिबी आली. पदक विकावं लागलं. शेवटी पटकीने नेलं आणि ट्रिनिटी चर्चच्या आवारात त्याला दगडसुद्धा न लावता पुरलं.

१८९० मध्ये गावाने मोब्रे पार्कमध्ये त्याचा पुतळा उभारला. झेंडा ठोकतानाचा. पण १८३१ मध्ये त्याला माती दिली त्याच सुमारास गावाची तब्येत उत्तम असल्याचा ठराव होत होता. गावच्या हिरोचं मरणसुद्धा शब्दाला हलवू शकलं नाही, मग बारा वर्षांच्या इझाबेलाचं काय घेऊन बसलात!

शब्द अडला, रोग चालत राहिला

नाव नाकारल्याने दुखणं थांबलं नाही. नोव्हेंबरभर माणसं मरत राहिली. हिवाळा संपेपर्यंत संडरलँडमध्ये दोनशेहून जास्त लोक गेले. डिसेंबरात रोग जवळच्या न्यूकॅसलला पोचला, नाताळात नदीपलीकडच्या गेट्सहेडला, आणि फेब्रुवारी १८३२ मध्ये लंडनला. त्या साथीत ब्रिटनमध्ये सुमारे ३२,००० माणसं मेली.

क्वारंटाइन कडक पाळलं असतं तर हे सगळं टळलं असतं असं म्हणता येणार नाही. ज्या देशांनी सरहद्दीवर बंदुका घेऊन शिपाई उभे केले तिथेही कॉलरा शिरला. पण लपवाछपवीत गावाचे महत्त्वाचे दिवस गेले. उकिरडे उपसायचे, आजाऱ्यांना वेगळं ठेवायचं, गरिबांना अन्न आणि पांघरुणं द्यायची, ही कामं ‘काही झालेलंच नाही’ असं ठरल्यावर कुणी का करावीत?

सरकारने २१ मार्च १८३२ हा दिवस देशभर उपवास आणि प्रार्थनेसाठी जाहीर केला. रोगाला इथे आणखी एक नाव मिळालं, देवाचा कोप. लंडनच्या कामगारांनी त्याच दिवशी मोर्चा काढला, कारण त्यांच्या घरी उपवास रोजचेच होते. मी चर्चमध्ये वाढलेली मुलगी आहे, उपवासाची टिंगल मला करायची नाही. पण शेजाऱ्याच्या ताटात काय आहे हे न बघता केलेला उपवास कसा असतो, हे त्या कामगारांनी नीट दाखवून दिलं.

बावीस वर्षांचा पाहुणा

या उद्रेकातून एक गोष्ट मात्र अशी निघाली, की ती आज तुमच्या-आमच्या घरात आहे.

१८३१ च्या अखेरीस विल्यम ओशॉनेसी नावाचा आयरिश तरुण संडरलँडला आला. एडिंबरातून डॉक्टर होऊन बाहेर पडलेला, वय बावीस, म्हणजे माझ्याहून फक्त एका वर्षाने मोठा. गावात वाद चालला होता की या दुखण्याला म्हणायचं काय. त्याने विचारलं की या दुखण्यात होतं काय. त्याने रोग्यांचं रक्त घेऊन तपासलं. रक्त दाट, काळसर झालं होतं. त्यातलं पाणी कमी झालं होतं आणि क्षारही. आणि जे रक्तातून गेलं होतं तेच रोग्याच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या पांढुरक्या पाण्यात सापडत होतं. डिसेंबरच्या शेवटी त्याने ‘लॅन्सेट’ला पत्र लिहून हे कळवलं.

ते वाचून सगळी वैद्यकी पालटायला हवी होती. कारण तेव्हाचे डॉक्टर कॉलऱ्यात काय करायचे? शिरा कापून आणखी रक्त काढायचे, पाऱ्याचं औषध देऊन आणखी जुलाब करवायचे, वर अफू आणि ब्रँडी. कोरड्या विहिरीतून पोहरे काढण्यातला प्रकार. मे १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ गावातल्या थॉमस लट्टा या डॉक्टरने ओशॉनेसीचं म्हणणं मनावर घेतलं आणि रोग्यांच्या शिरेत मीठपाणी सोडलं. पहिली रोगी एक म्हातारी बाई होती. जवळजवळ गेलेली ती बाई बोलायला लागली. लट्टा निघून गेला, जुलाब पुन्हा सुरू झाले, पाणी पुन्हा दिलं गेलं नाही आणि ती मेली. नंतरचे काही रोगी वाचले. आज आपण ज्याला सलाइन लावणं म्हणतो त्याची ही सुरुवात. पण साथ ओसरली आणि ही युक्ती बरीच वर्षं मागे पडली.

आता त्याचं शास्त्र आपल्याला माहीत आहे. दूषित पाण्यातून कॉलऱ्याचा जंतू पोटात जातो आणि त्याच्या विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर ओतत सुटतात. कधीकधी तासाला लिटरभर. माणूस अक्षरशः सुकून मरतो. पण त्या आतड्यातही साखर आणि मीठ मिळून आत ओढणारा दरवाजा उघडा असतो, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. साखर-मीठ-पाणी, बस. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात हे पाणी कालवून नातेवाइकांच्या हातात पेले दिले. आधी शंभरातले तीस दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आलं. आपल्या औषधाच्या दुकानात मिळणारी ओआरएसची पुडी ती हीच. तिची पहिली ओळ संडरलँडमध्ये लिहिली गेली होती.

ओशॉनेसी स्वतः १८३३ मध्ये कंपनीच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि पुढे त्याने हिंदुस्थानात तारायंत्र उभारलं. कलकत्ता-आग्रा लाइन १८५४ मध्ये सुरू झाली ती त्याच्याच देखरेखीखाली.

दुसरा तरुण त्याहून लहान होता. न्यूकॅसलमध्ये एका सर्जनकडे शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या जॉन स्नोला त्याच हिवाळ्यात किलिंगवर्थच्या खाण कामगारांची शुश्रूषा करायला पाठवलं गेलं. खाली खाणीत संडास नाही, धुवायला पाणी नाही, आणि त्याच हातांनी भाकरी खायची, हे त्याने बघितलं. १८४९ मध्ये याच स्नोने लिहिलं की कॉलरा हवेतून येत नाही, तोंडावाटे येतो. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा त्याच्या सांगण्यावरून काढला गेला, ती गोष्ट बहुतेकांनी शाळेत ऐकली असेल.

नावाची किंमत

आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात. देवीच्या रोगाला देवी म्हणून गोंजारत. नाव घेतलं की ते अंगावर येतं, ही समजूत जुनी आहे. संडरलँडच्या व्यापाऱ्यांची समजूत तीच होती, फक्त ती ठरावाच्या भाषेत लिहिलेली होती. आणि २०२० मध्ये आमच्या गल्लीत कुणालाच कोरोना झाला नव्हता, सगळ्यांना ‘व्हायरल’ झालं होतं. ‘व्हायरल’ म्हणणाऱ्यांत एक रिक्षावाले काका होते. नाव लागलं असतं तर चौदा दिवस रिक्षा दारात उभी राहिली असती आणि हप्ता भरायला बँक थांबली नसती. त्यांना अडाणी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

म्हणून या इतिहासातून ‘खरं बोला, लपवू नका’ एवढाच धडा काढला तर तो अर्धा राहील. स्प्रोट आजारी असताना होडीकडे का गेला, याचं उत्तर त्यात येत नाही. खऱ्या नावाला किंमत असते आणि संडरलँडमध्ये ती किंमत सर्वांत गरीब माणसाने भरायची असं न बोलता ठरलेलं होतं. गावाने आधी कीलवाल्यांच्या चुलीची सोय केली असती, तर त्या दुखण्याचं नाव उच्चारायला डॉक्टरांना कमी भीती वाटली असती, आणि पेशंटलाही. पुढच्या वेळी कुठे साथ येईल तेव्हा लोक आजार का लपवतात असं विचारण्याआधी, आजार सांगितल्यावर त्यांच्या घरी भाकर कोण पोचवणार हे विचारलं पाहिजे.